शिष्टाईचे मोल

सुताचा भाव, विजेचा दर, विडी कामगारांची मजुरी आणि नळाच्या पाण्याची पाळी हे सोलापुरातील शुक्रवार पेठेत संध्याकाळी एकत्र बसणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चर्चेचे नेहमीचे विषय. परराष्ट्र धोरण हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा प्रांत, त्याचा पेठेतील माणसाशी काय संबंध, अशी समजूत आपल्या चळवळीत फार जुनी आहे. ही समजूत किती पोकळ आहे हे २०२५ सालच्या ऑगस्टने दाखवून दिले. अमेरिकेने त्या महिन्यात भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्यातील निम्मा बोजा भारत रशियाचे तेल विकत घेतो म्हणून शिक्षेदाखल टाकण्यात आला होता. त्या दरांचे पुढे काय झाले हा भाग वेगळा. युक्रेनच्या रणभूमीपासून निघालेला धागा सोलापूरच्या टॉवेल विणणाऱ्या मागापर्यंत येऊन पोहोचला, हे मात्र त्या दिवसांत कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

महासत्तांच्या झुंजीत मधल्या फळीतील राष्ट्राने करायचे काय, हा प्रश्न म्हणूनच आज पुन्हा विचारला पाहिजे. त्याला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. बलवानाच्या छत्राखाली जावे आणि निर्धास्त व्हावे, हे पहिले. कोणाच्याही अध्यात-मध्यात न पडता आपला व्यापार सांभाळावा, हे दुसरे. दोन्ही उत्तरे शहाणपणाची वाटतात आणि दोन्ही अपुरी आहेत. तिसरे उत्तर या देशाने एकेकाळी स्वतःच्या वर्तनाने दिले होते. स्वातंत्र्य मिळून तीन वर्षेही झाली नव्हती, तिजोरी रिकामी होती, कोठारात धान्य नव्हते. अशा काळात भारताने कोरियाच्या युद्धात शिष्टाई केली. त्या शिष्टाईचा इतिहास कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. कारण तिच्या यशात जितके शिकण्यासारखे आहे तितकेच तिच्या मर्यादांतही आहे.

या कथेचा एक आरंभ सोलापुरातच सापडतो. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तेथेच राहिले, आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकासमोरून रोज हजारो लोक जातात. कोटणीस मध्यस्थ नव्हते. ते आक्रमण सोसणाऱ्यांच्या बाजूने उभे होते. पारतंत्र्यातील देशाने दुसऱ्या पीडित देशाला केलेली ती मदत होती. परंतु पुढे भारताचा शब्द पेकिंगमध्ये ऐकला जाण्यास अशाच कृत्यांनी भूमी तयार केली. विश्वास ही वस्तू परिषदेच्या आदल्या दिवशी विकत मिळत नाही. ती आधीच्या पिढीने साठवून ठेवावी लागते.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ३८ वे अक्षांश ओलांडून दक्षिणेत घुसल्या. भारताने या आक्रमणाला आक्रमण म्हटले आणि सुरक्षा समितीच्या ठरावाला पाठिंबा दिला. तटस्थतेच्या नावाखाली सत्य सांगण्याचे टाळले नाही, ही पहिली नोंद घेण्यासारखी गोष्ट. मात्र अमेरिकेच्या सेनापतित्वाखालील फौजेत लढाऊ तुकडी पाठविण्यास नकार देऊन भारताने ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक धाडले. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालील या पथकाने सैनिकांची तशीच नागरिकांची शुश्रूषा केली. कोटणिसांच्या परंपरेशी या पथकाचे नाते कोणी जाणीवपूर्वक जोडले असेल वा नसेल. परंतु बंदुकीऐवजी सुश्रुताचा वारसा घेऊन रणांगणावर जाण्याची ही दुसरी वेळ होती.

१३ जुलै १९५० रोजी नेहरूंनी स्टॅलिन आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांना पत्रे लिहिली. नव्या चीनला संयुक्त राष्ट्रांत त्याचे स्थान द्यावे, युद्ध पसरू देऊ नये आणि वाटाघाटींनी मार्ग काढावा, असा त्यांचा आशय होता. मॉस्कोने होकार कळविला, वॉशिंग्टनने तो झिडकारला. पुढे ऑक्टोबरच्या आरंभी एका मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून घेतले. अमेरिकी सैन्य ३८ वे अक्षांश ओलांडून उत्तरेत आले तर चीन युद्धात उतरेल, हा निरोप त्यांनी भारताकरवी जगाला दिला. वॉशिंग्टनने पणिक्करांना चीनधार्जिणे ठरवून तो निरोप कानाआड केला. आठवड्याभरात अमेरिकी फौजा अक्षांश ओलांडून गेल्या आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात चिनी सैन्य यालू नदी पार करून आले. त्यानंतर युद्ध आणखी पावणेतीन वर्षे चालले. निरोप खरा होता. निरोप्यावरचा अविश्वास लाखो माणसांना महाग पडला.

१ फेब्रुवारी १९५१ रोजी चीनला आक्रमक ठरविणारा ठराव आमसभेत ४४ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. भारत आणि ब्रह्मदेश यांनी सोव्हिएत गटाबरोबर विरोधी मत दिले. या ठरावाने वाटाघाटींचे दार बंद होईल, एवढेच भारताचे म्हणणे होते. या मताची किंमत काय होती, हे समजण्यासाठी त्या वर्षीच्या धान्याकडे पाहिले पाहिजे. देशात भीषण टंचाई होती आणि भारताने अमेरिकेकडे २० लक्ष टन धान्य मागितले होते. अमेरिकी काँग्रेसमध्ये ती मागणी महिनोन्‌महिने रखडली. भारताच्या कोरियाविषयक धोरणाचा राग तेथे उघड बोलून दाखविण्यात आला. अखेर जून १९५१ मध्ये ते धान्य देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून मंजूर झाले. दरम्यान चीन आणि सोव्हिएत संघाकडूनही भारताने धान्य घेतले. पोट उपाशी असताना मान ताठ ठेवणे किती अवघड असते हे या देशातील गरिबाला सांगावे लागत नाही. त्या वर्षी राष्ट्रालाही तोच अनुभव आला.

जुलै १९५१ मध्ये युद्धविरामाच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडकल्या. सर्व कैदी परत पाठविले पाहिजेत, हा एका बाजूचा आग्रह. ज्याला परत जायचे नाही त्याच्यावर सक्ती नको, हा दुसऱ्या बाजूचा. या एका मुद्द्यासाठी दोन्हीकडची तरुण पोरे सुमारे दीड वर्ष टेकड्यांवर मरत राहिली. कृष्ण मेनन यांनी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे कैदी सोपविण्याची योजना मांडली. डिसेंबर १९५२ मध्ये आमसभेने ती ५४ विरुद्ध ५ मतांनी स्वीकारली. सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांनी तिच्यावर कठोर हल्ला चढविला आणि पेकिंगनेही ती नाकारली. वर्षापूर्वी अमेरिकेच्या रोषाला पात्र झालेला भारत आता दुसऱ्या गटाच्या शिव्या खात होता. परंतु मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन निवर्तले, चौ एन-लाय यांनी भूमिका बदलली आणि जूनमध्ये कैद्यांविषयीचा जो करार झाला त्याचा सांगाडा मुख्यतः भारतीय योजनेचाच होता. २७ जुलै १९५३ रोजी तोफा थांबल्या.

शिष्टाईचे खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते एका मराठी माणसाच्या वाट्याला आले. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत यांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते. प्रत्यक्ष कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय फौजेचे नेतृत्व कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे शांततेसाठी आलेल्या या जवानांना इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तेथे त्यांनी वसविलेल्या तळाला ‘हिंद नगर’ हे नाव पडले.

संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने आलेले सुमारे २२,६०० आणि उत्तरेकडून आलेले ३५९ कैदी त्यांच्या ताब्यात होते. कैद्यांच्या छावण्यांवर त्यांच्यातीलच संघटित टोळ्यांची दहशत होती. सप्टेंबर १९५३ मध्ये अशा एका छावणीतील कैद्यांनी एका भारतीय मेजराला आत ओढून नेले. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते आणि त्याची परिणती कत्तलीत झाली असती. थोरात स्वतः मोजक्या सहकाऱ्यांसह त्या खवळलेल्या जमावात शिरले, त्यांच्याशी बोलले आणि एकही गोळी न झाडता आपला अधिकारी सोडवून बाहेर आले. शांततेच्या कामगिरीतील या धैर्याबद्दल त्यांना मिळालेला अशोकचक्र, वर्ग दुसरा, हा सन्मान पुढे कीर्तिचक्र म्हणून ओळखला जाऊ लागला. सारेच प्रसंग असे सुटले नाहीत. ऑक्टोबरात गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्युमुखी पडले, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९५४ मध्ये भारताने उरलेल्या कैद्यांना ज्यांनी आणले त्यांच्या स्वाधीन केले. परत न जाणारे आणि येथेही न राहणारे असे ऐंशीच्या वर कैदी भारतीय फौजेबरोबर भारतात आले. मायदेशाला आणि परक्यालाही नको असलेल्या माणसांना आश्रय देऊन ही मोहीम संपली.

या श्रमांचे फळ काय मिळाले? युद्धविरामानंतरच्या राजकीय परिषदेत भारताला बोलवावे की नाही, यावर ऑगस्ट १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीत मतदान झाले. भारताच्या बाजूने २७, विरुद्ध २१ मते पडली. दोनतृतीयांश बहुमत नव्हते आणि भारताने आपले नाव मागे घेतले. ज्याने ताटे वाढली त्याला पंगतीत पान मिळाले नाही. महासत्तांच्या जगातील व्यवहार असाच असतो. महाभारतातील कृष्णशिष्टाईही असफल झाली होती, आणि ती असफल होणार हे कृष्णाला ठाऊक होते. तरीही तो हस्तिनापुरास गेला; कारण संहार टाळता येत असता कोणी प्रयत्न केला नाही, हा ठपका कोणाला ठेवता येऊ नये. कोरियात भारताची शिष्टाई सर्वस्वी असफलही झाली नाही. तोफा थांबल्या, आणि बंदिवानांच्या प्रश्नावर पुन्हा युद्ध पेटले नाही.

हा इतिहास अभिमानाने सांगावा असा आहे. परंतु येथेच थांबणे आत्मवंचना ठरेल. शिष्टाईला लागणारे नैतिक भांडवल उधळताही येते, हे तीनच वर्षांनी दिसले. १९५६ च्या शरद ऋतूत इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनी सुएझवर हल्ला केला तेव्हा भारताने तत्काळ व स्पष्ट निषेध केला. त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा मात्र दिल्लीची जीभ अडखळली. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात या मागणीच्या ठरावाला भारताने विरोधी मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी त्यावर जाहीर टीका केली. दोन्ही गटांपासून सारखेच अंतर राखण्याचा डॉ. लोहियांचा आग्रह किती अर्थपूर्ण होता हे त्या वेळी पटावे. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर तीच कुचराई झाली आणि अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. एका डोळ्याने पाहणाऱ्याला पंच म्हणून कोणी बोलावीत नाही, एवढाच यातील बोध.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. इतरांच्या भांडणात शिष्टाई करणारा भारत स्वतःच्या तंट्यात शिष्टाई का नाकारतो, असा प्रश्न परके विचारतात. काश्मीरचा प्रश्न भारतानेच १९४८ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांकडे नेला होता. तेथे गटांच्या राजकारणाचा जो अनुभव आला त्यातून १९७२ च्या सिमला करारातील द्विपक्षीयतेचा आग्रह आला. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानमधील शस्त्रसंधी आपण घडवून आणला असा दावा अमेरिकेच्या अध्यक्षांनी वारंवार केला आणि भारताने तो तितक्याच वेळा फेटाळला. परंतु भारताने मध्यस्थी कधी स्वीकारलीच नाही, हेही खरे नाही. १९६० चा सिंधू पाणीवाटप करार जागतिक बँकेच्या पुढाकाराने झाला आणि १९६६ चा ताश्कंद करार सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांच्या उपस्थितीत. १९६२ च्या पराभवानंतर सिलोन, ब्रह्मदेश, इंडोनेशिया, कंबोडिया, घाना आणि इजिप्त या सहा देशांनी कोलंबोत जमून भारत-चीन तंट्यात तोडगा सुचविला, तो भारताने मान्यही केला. लहान देशांची शिष्टाई काय असते याचा अनुभव तेव्हा भारताने दुसऱ्या बाजूने घेतला. त्याच युद्धाने आणखी एक धडा दिला. पूर्व विभागाचे सेनापती असताना थोरातांनी १९५९ मध्येच ईशान्य सीमेवरील दुर्बलतेचा इशारा दिला होता. संरक्षणमंत्री या नात्याने कृष्ण मेनन यांनी तो मनावर घेतला नाही. कोरियात ज्या दोघांच्या कर्तृत्वाने भारताची मान उंचावली त्यांच्यातच हे घडावे, यात दैवदुर्विलास आहे. जगाच्या शांततेसाठी झटणाऱ्याने आपल्या कुंपणाकडे दुर्लक्ष करावे असे शांततेने कधी सांगितलेले नाही.

आता आजकडे वळावे. गेल्या काही वर्षांत मधल्या फळीतील देशांनीच मध्यस्थीची कामे केली. जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने काळ्या समुद्रातून युक्रेनचे धान्य बाहेर काढणारा करार घडविला. तो वर्षभर टिकला. कतारने इजिप्तच्या जोडीने गाझातील युद्धविरामाच्या वाटाघाटी चालविल्या. यांच्या राज्यपद्धतींचे गुणगान करण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही बाजूंची दारे ठोठावण्याचे कष्ट त्यांनी घेतले हे मान्य केले पाहिजे. भारताच्या पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंद येथे रशियाच्या अध्यक्षांना हा युद्धाचा काळ नव्हे असे तोंडावर सांगितले. २०२४ मध्ये ते जुलैत मॉस्कोला आणि ऑगस्टमध्ये कीव्हला गेले. शब्द योग्य होते, प्रवासही योग्य होता. पण त्यामागून मेनन यांच्या ठरावासारखी एखादी योजना आली नाही. १२ जून २०२५ रोजी गाझात तत्काळ युद्धविराम करावा असा ठराव आमसभेत १४९ विरुद्ध १२ मतांनी संमत झाला, तेव्हा १९ देश अलिप्त राहिले आणि त्यांत भारत होता. तलवार म्यान करा म्हणण्यासही ज्याला संकोच वाटतो त्याने शिष्टाईची भाषा करू नये.

मतदानात अलिप्त राहणे आणि अलिप्ततेचे धोरण चालविणे या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीला काही करावे लागत नाही. दुसरीत रात्री-अपरात्री निरोप पोचवावे लागतात, दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागतात, परक्या छावणीत निःशस्त्र शिरावे लागते. स्वस्त तेल मिळावे म्हणून राखलेले मौन हा व्यापार झाला. व्यापार करण्यास हरकत नाही. त्याला स्वायत्त धोरणाचे नाव देण्यास हरकत आहे.

आणि या सर्वाच्या मुळाशी पुन्हा भाकरीचाच प्रश्न येतो. १९५१ च्या धान्यकर्जाचा अनुभव १९६६ मध्ये अधिक कटुतेने आला. व्हिएतनामवरील बॉम्बफेकीविषयी भारताने बोलू नये म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे हातचे राखून सोडली. त्यानंतर शेतकऱ्याने घाम गाळून ती परवशता दूर केली. परराष्ट्र धोरणाला सर्वांत मोठी देणगी त्यानेच दिली आहे, मुत्सद्द्यांनी नव्हे. आज परावलंबन धान्याचे नाही. तेलाचे आहे, शस्त्रांचे आहे, निर्यातीच्या एखाद्याच बाजारपेठेचे आहे. ते कमी करण्याचा कार्यक्रम, म्हणजे देशांतर्गत मागणी वाढविणारी मजुरी, यंत्रमागाला परवडणारे सूत आणि वीज, अनेक देशांशी बरोबरीचा व्यापार, हा परराष्ट्र धोरणाचाच कार्यक्रम होय.

म्हणून शुक्रवार पेठेतील बैठकीत सुताच्या भावाबरोबर जगाच्या युद्धांचाही विषय निघाला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांत भारताने मत का दिले वा का दिले नाही, याचा जाब संसदेत विचारला जावा यासाठी लोकमत उभे करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. या शहराने १९३१ साली फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांच्या रूपाने स्वातंत्र्याची किंमत दिली, आणि परक्या देशातील जखमींसाठी आपला डॉक्टर दिला. स्वतःच्या हक्कासाठी लढणे आणि दुसऱ्याच्या दुःखात धावून जाणे या दोन गोष्टी सोलापूरला कधी परस्परविरोधी वाटल्या नाहीत. दिल्लीलाही त्या तशा वाटू नयेत, एवढे पाहण्याची जबाबदारी अखेर पेठेतल्या माणसावरच येते.